ट्रेलरवरची शिडाची होडी : आधी वजन, मग इंजिन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या जलक्रीडांवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. मंडळी शिडाच्या होड्यांकडे वळत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र ‘नवी होडी घेताना डीलर बसवून देईल ते सर्वांत मोठे इंजिन घ्यावे आणि जादा सोयींची यादी तेव्हाच भरून टाकावी’ हा त्यातला सल्ला घेणाऱ्याला अडचणीत आणणारा आहे. ट्रेलरवरून न्यायच्या १९ ते २३ फुटी होडीत चढवलेल्या प्रत्येक किलोची किंमत रस्त्यावरही मोजावी लागते आणि पाण्यातही. दर ऑक्टोबरात मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसला शिडाच्या होड्यांचे मोठे प्रदर्शन भरते आणि तिथल्या सवलतीच्या भावापायी अनेक जण घाईत सही करतात. त्याआधी काय तपासावे, ते सविस्तर लिहीत आहे. उदाहरणे चेसापीक उपसागराची आहेत, कारण वॉशिंग्टन-बाल्टिमोर पट्ट्यातल्या मराठी लोकांच्या होड्या बहुधा तिथेच पाण्यात उतरतात.

हिशेबासाठी कॅटालिना २२ हे मॉडेल घेऊ. १९६९ पासून या होड्या पंधरा हजारांहून अधिक बनल्या आहेत, त्यामुळे तिचे आकडे मापदंड म्हणून चालतात. वर-खाली होणाऱ्या कीलच्या (होडी सावरणाऱ्या, तळाखालच्या जड पात्याच्या) मूळ होडीचे कागदावरचे वजन साधारण २२५० पौंड, म्हणजे १०२० किलो. हे रिकाम्या होडीचे वजन झाले. त्यावर इंजिन २७ किलो, १२ लिटर पेट्रोल टाकीसकट ११-१२ किलो, बॅटरी २० किलोंच्या वर, नांगर-साखळी-दोर १५ किलो, शिवाय गाद्या, पोर्टेबल शौचालय, पिण्याचे पाणी, लाइफ जॅकेट, हत्यारे. दीडशे ते दोनशे किलो बघता बघता होतात. ट्रेलरचे स्वतःचे साडेतीनशे-चारशे किलो धरा. बेरीज १६०० किलोंच्या आसपास जाते, आणि अनेक कौटुंबिक एसयूव्हींची ओढण्याची मर्यादा ३५०० पौंड, म्हणजे १५८८ किलो असते. ब्रोशरमधल्या आकड्यावर विसंबलेला माणूस इथेच फसतो. गाडीत चार माणसे आणि सामान असेल तर ही मर्यादा आणखी कमी धरावी लागते. होडीची रुंदी साडेआठ फुटांच्या आत असावी हेही पाहा. त्यावर गेली की रस्त्यावर नेण्यासाठी वेगळा परवाना लागतो.

म्हणून यादीतला पहिला पैसा ट्रेलरवर घाला. ट्रेलर नंतर बदलणे जिवावर येते आणि डीलरचा साधा ट्रेलर बहुधा तोकडाच असतो. बहुतेक राज्यांत ३००० पौंडांवरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. ते डिस्क ब्रेक असावेत आणि गोड्या पाण्याने धुण्याची नळी जोडलेली असावी, कारण उपसागराचे पाणी मचूळ आहे आणि न धुतलेले ब्रेक एका हंगामात गंजून धरतात. रंगवलेल्या लोखंडापेक्षा गॅल्व्हनाइज्ड चौकट घ्या. स्पेअर चाक, पुढेमागे डोलकाठी ठेवायचे आधार आणि मागे उभे दोन मार्गदर्शक खांब मागून घ्या. आडवा वारा असताना होडी ट्रेलरवर सरळ चढते ती या खांबांमुळेच. ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या हुकावर पडणारा भार एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के असावा. तो कमी असला की ताशी ५५ मैलांवर ट्रेलर शेपटी हलवू लागतो. होडी ट्रेलरवर बसवून, इंजिन आणि सामान चढवून डीलरसमोरच हा भार मोजायला लावा आणि तो चुकत असेल तर धुरा मागेपुढे सरकवून घ्या. प्रवासात मात्र इंजिन ट्रान्समवर, म्हणजे होडीच्या मागच्या उभ्या भिंतीवर, ठेवू नका. खड्ड्यागणिक बसणाऱ्या हिसक्यांनी इंजिन अडकवायच्या ब्रॅकेटचे बोल्ट सैल होतात आणि ट्रान्सममध्ये पाणी झिरपू लागते.

कीलचा निर्णय पाण्यावरून करावा. चेसापीकची सरासरी खोली जेमतेम २१ फूट आहे आणि खाड्यांच्या तोंडाशी तर कंबरभर पाणी. मुंबई बंदरात उधाणाला चार-पाच मीटर पाणी चढते-उतरते, अ‍ॅनापोलिसला मात्र भरती-ओहोटीचा फरक सरासरी फूटभरच. इथे पाणी खरे हलवतो तो वारा. वायव्येचा जोरदार वारा दिवसभर वाहिला की उपसागर दोन-दोन फूट उतरतो आणि कालची वाट आज चिखल होते. अशा ठिकाणी साडेतीन फुटी स्थिर कीलपेक्षा, वर घेतल्यावर दोन फुटांत तरंगणारी कील सोयीची. शिवाय ती उथळ रॅम्पवरूनही उतरते. स्थिर कीलला लांबवता येणारी ट्रेलरची जीभ (पुढचा दांडा) लागतेच, नाहीतर गाडीची मागची चाके पाण्यात जातात.

हलत्या कीलला देखभाल लागते, हे मात्र घेण्याआधी समजून घ्या. सुमारे अडीचशे किलोंचा हा बिडाचा तुकडा एका पोलादी तारेवर आणि एका पिनवर लटकलेला असतो. तार दरवर्षी तपासावी आणि एक धागा जरी तुटलेला दिसला तरी बदलावी. पिन झिजली की कील बाजूला डुलते आणि नांगरावर रात्रभर ठकठक ऐकू येते. चालताना तार गुणगुणते, त्यात काही बिघाड नाही. कील खाली अडकवणारा बोल्ट उथळ पाण्यात घट्ट आवळून ठेवू नका. तळाला धक्का बसला तर कील वर सरकण्याऐवजी सगळा जोर होडीच्या कवचावर येतो. खोल पाण्यात, वारा वाढल्यावर मात्र तो आवळलेला हवा.

आता इंजिन. शिडाच्या होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीने बांधलेला असतो. मीटरमधल्या लांबीचे वर्गमूळ काढून २.४३ ने गुणले की नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) वरची मर्यादा मिळते. कॅटालिनाची जलरेषा ५.९ मीटर, म्हणजे ५.९ नॉट. त्यापुढे होडी स्वतःच्याच लाटेत अडकते आणि जादा ताकद फक्त मागची बाजू खाली दाबण्यात जाते. शांत पाण्यात ५ नॉटसाठी तीनेक एचपी पुरतात. समोरचा वारा आणि आखूड लाटांसाठी राखीव धरली तरी सहा एचपी खूप झाले. टोहात्सू या इंजिन कंपनीचे उदाहरण घ्या. त्यांची ४, ५ आणि ६ एचपीची इंजिने एकाच १२३ सीसीच्या एका सिलिंडरवर बांधलेली आहेत, त्यामुळे वजन जवळपास सारखेच, २६-२७ किलो. तेव्हा चारऐवजी सहा घेतल्याने वजनात तोटा नाही. पण ९.८ एचपीचे इंजिन दोन सिलिंडरचे, २०९ सीसीचे, आणि वजन ३७ ते ४० किलो. हे जादा दहा-बारा किलो ट्रान्समच्याही मागे लटकतात. होडी मागे बसते, हलक्या वाऱ्यात ट्रान्सम पाणी ओढत राहतो आणि ब्रॅकेट वर उचलताना कमरेत चमक भरते, ते वेगळेच. पाण्याचे ओझे भरणाऱ्या आणि ५० एचपीवर मोटरबोटीसारख्या पळणाऱ्या मॅकग्रेगर २६ सारख्या होड्यांची गोष्ट निराळी. त्यांचा नियम इथे लावू नये.

एचपीपेक्षा शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून खाली पाण्यात जाणाऱ्या दांड्याची, लांबी महत्त्वाची, आणि चुका सर्वांत जास्त तिथेच होतात. शाफ्ट १५, २० आणि २५ इंचांचे मिळतात. ही लांबी इंजिन ज्या फळीवर अडकते तिथपासून पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरच्या आडव्या प्लेटपर्यंत मोजतात. ब्रॅकेट पूर्ण खाली केल्यावर फळीपासून पाणी १४ इंचांवर असेल, तर २० इंची शाफ्टची प्लेट फक्त ६ इंच बुडते, २५ इंचीची ११ इंच. आखूड लाटेत मागची बाजू सहा इंच सहज उचलली जाते, आणि शीड उतरवायला कोणी पुढे गेले की हमखास. पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळते, थंड करणारे पाणी तुटते आणि होडी नेमकी धक्क्याजवळ असताना ताकद जाते. म्हणून प्रात्यक्षिकाच्या वेळी दोन मोठ्या माणसांना नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) उभे करून हे अंतर टेपने मोजा. बहुतेक वेळा उत्तर २५ इंच येते. त्याच वेळी सुकाणू दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून त्याचे पाते पंख्याला लागत नाही ना, आणि इंजिन उचलल्यावर पंखा पाण्याबाहेर येतो ना, हेही पाहा. ब्रॅकेटवर लिहिलेली वजनाची मर्यादा वाचा. जुन्या, हलक्या टू-स्ट्रोकसाठी बनलेले ब्रॅकेट आजच्या फोर-स्ट्रोकखाली वाकते.

पंखा कमी पिचचा मागा (पिच म्हणजे एका फेरीत पंखा जेवढा पुढे सरकेल ते अंतर). रबरी डिंगीसाठी (छोट्या होडीसाठी) आठ-नऊ इंच पिच ठीक, टनभर वजनाच्या होडीला सहा इंचांच्या आसपास हवा. मोठ्या पिचवर इंजिन पूर्ण आवर्तने घेऊच शकत नाही आणि रिव्हर्समध्ये होडी थांबता थांबत नाही. अगदी लहान, अडीच-साडेतीन एचपीच्या इंजिनांना बहुधा रिव्हर्स गिअरच नसतो, तेव्हा ती या आकाराच्या होडीला नकोत. आतली टाकी लिटर-सव्वा लिटरची असते आणि पूर्ण वेगात अर्ध्या-पाऊण तासात संपते. हलत्या होडीवर मागे वाकून तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतणे म्हणजे आगीला आमंत्रण. बाहेरची १२ लिटरची टाकी घ्या. तासाला दोन लिटरच्या खर्चाने ती सहा तास चालते. ती ज्या कप्प्यात ठेवाल त्याला हवा बाहेर जायची वाट असली पाहिजे आणि तो कप्पा केबिनकडे उघडा नसावा.

न चालणाऱ्या छोट्या इंजिनांत दोष बहुतेक वेळा पेट्रोलचाच निघतो. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते. ते हवेतली ओल ओढते आणि महिनाभर उभ्या इंजिनात कार्बोरेटरचे केसाएवढे बारीक जेट (पेट्रोल सोडणारी छिद्रे) चिकटून बसतात. इंजिन सुरू होते पण चोक बंद केला की मरते, असे दिसले तर जेट तुंबला समजावे. मिळेल तिथे इथेनॉलविरहित पेट्रोल वापरा, टाकीत स्टॅबिलायझर घाला आणि दिवसअखेर नळी काढून कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल खालच्या स्क्रूने रिकामे करा. नुसते इंजिन बंद पडेपर्यंत चालवल्याने वाटीच्या तळाशी थोडे उरतेच. पंधरा टक्के इथेनॉलचे स्वस्त पेट्रोल आउटबोर्डमध्ये, म्हणजे अशा होडीबाहेर लटकणाऱ्या इंजिनात, घालू नये.

विजेच्या मोटारीविषयी वाचक विचारतीलच. टॉर्कीडो ट्रॅव्हल ११०३ ही ११०० वॉटची, तिची बॅटरी ९१५ वॉट-तासांची. पूर्ण जोरात पन्नास मिनिटे, ३०० वॉटवर तीन तास. बंद तलावात किंवा गोदीतून बाहेर पडण्यापुरती ती उत्तम. चेसापीकवर मात्र जुलै-ऑगस्टमध्ये वारा पडतो आणि दुपारी गडगडाटी वादळ उठते. घर आठ मैलांवर असताना तासाभराची ताकद मला पुरेशी वाटत नाही.

इंजिनाला बॅटरी भरणारी चार्जिंग कॉइल कारखान्यातूनच मागा, पण तिच्यावर फार भिस्त नको. पाच-सहा अँपिअर हा आकडा पूर्ण आवर्तनांचा असतो. ३० वॉटचे सौर पॅनेल दिवसाला आठेक अँपिअर-तास देते. एलईडी दिवे, रेडिओ आणि लहान प्लॉटर (नकाशा दाखवणारा पडदा) यांना तेवढे सहसा पुरते.

शिडांच्या यादीत मोठ्या शिडाला दुसरी रीफ (वारा वाढला की शीड आखडून लहान करायची सोय) शिवतानाच घालून घ्या. बहुतेक नव्या शिडांना एकच असते, आणि वादळाआधीच्या पंचवीस नॉटच्या वाऱ्यात तेवढ्याने भागत नाही. फर्लर (पुढचे शीड गुंडाळणारे साधन) चांगला, पण दर वेळी डोलकाठी उतरवणाऱ्याला त्याचे लांब नळकांडे सांभाळावे लागते. ते वाकले की पुढे गुंडाळतच नाही. डोलकाठी उभारायची जिन-पोल (तिला ओढून उभी करायचा मदतीचा दांडा) आणि बाजूचे तात्पुरते ताण हा पर्याय घ्याच. २५ फुटी काठी अर्ध्यावर असताना आडवी कलली, तर काठीच्या बुडाची बिजागरी मोडते. आणि काठी उचलण्यापूर्वी रॅम्पवर मान वर करून विजेच्या तारा बघा. अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. मागची शिडी पाण्यात पडलेल्या माणसाला स्वतः खाली ओढता येईल अशी आणि इंजिनाच्या विरुद्ध बाजूला असावी.

दाबाचे पाणी, बसवलेले शौचालय, किनाऱ्याची वीज, स्टिअरिंग चाक ही सगळी वगळा. वजन वाढते आणि होडीला भोके पडतात. शेवाळ-शिंपले रोखणाऱ्या तळाच्या रंगाचा निर्णय होडी कुठे राहणार त्यावर ठेवा. ट्रेलरवर राहणार असेल तर नकोच. उन्हाळाभर पाण्यात राहणार असेल तर आधी बॅरिअर कोट (पाणी झिरपू न देणारा थर) आणि वर झिजणारा रंग. कडक रंग कोरडा पडला की निकामी होतो.

चालक पडला तर इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरीही विसरू नका. २६ फुटांखालच्या, तीन एचपी आणि त्यावरच्या इंजिनाच्या होड्यांवर ती वापरण्याचा नियम १ एप्रिल २०२१ पासून आहे. संथ चालीत सूट असली तरी ती मनगटाला असू द्या.

आपणांस एक विनंती. होड्यांवरील पुढच्या लेखात ब्रोशरमधल्या वजनाशेजारी भरलेल्या होडीचे, ट्रेलरसकटचे वजन छापावे. खरेदीदारांनीही शेवटचा हप्ता देण्याआधी भरलेला ट्रेलर महामार्गावरच्या ट्रकच्या काट्यावर नेऊन पावती घ्यावी आणि ती गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहावी.

कळावे,
आपला,
अ‍ॅनापोलिस (मेरीलँड) परिसरातील एक वाचक