सूचना : डिपॉझिटचे वाद गेटवर नकोत

सर्व सभासद आणि भाडेकरूंना नमस्कार.

गेल्या शनिवारी रात्री अकरा वाजता गेटवर जे झालं ते निम्म्या बिल्डिंगने गॅलरीतून पाहिलं. टेम्पो भरलेला, वॉचमन मध्ये अडकलेला, आणि घरमालक-भाडेकरूचं भांडण कशावरून? बेडरूमच्या भिंतीची ओल आणि रंगाचा खर्च डिपॉझिटमधून कापायचा का, यावरून. ती ओल वरच्या बाथरूममधून उतरलीय, हे दुसऱ्या दिवशी प्लंबरने पाच मिनिटांत दाखवलं!

असे वाद मिटवण्याचा अधिकार कमिटीला नाही. घरमालकांनी पाणी-वीज तोडणं, कुलूप बदलणं असले प्रकार तर अजिबात करू नयेत. त्यापेक्षा ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे (कायदेशीर मदत आणि तडजोडीची सोय करणारी सरकारी यंत्रणा) मध्यस्थीसाठी अर्ज करा. दावा लावण्याआधीही करता येतो. मध्यस्थ निकाल देत नाही, तोडगा दोघांनीच काढायचा असतो. तडजोड लोकअदालतीत झाली, तर तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच. त्यावर अपील नाही.

अर्ज करायला जाताना करारनामा, डिपॉझिट दिल्याचं बँक स्टेटमेंट आणि ताबा घेतानाचे फोटो न्या. फोटो नसतील तर निदान यापुढे काढून ठेवा. गीझर, नळ, भिंती, सगळं.

‘अकरा महिन्यांचाच करार, नोंदणी कशाला?’ असं अजूनही ऐकू येतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणी लागतेच आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं ठरेपर्यंत.

नोंदणी राहिलेल्यांनी ती करून या महिन्यात कराराची प्रत सोसायटीच्या ऑफिसात द्यावी.

— सचिव, घोडबंदर रोड, ठाणे