मार्कर मावशींच्या हातात देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितोय. दिंडोरीच्या आमच्या पॅकहाउसवर, म्हणजे निर्यातीची द्राक्षं निवडून पेट्यांत भरतात तिथे, तुम्ही जे केलंत ते चार लोकांना कळलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

परवा युरोपचा शेवटचा कंटेनर न्हावा-शेवा बंदराकडे रवाना झाला. बागांत हंगामानंतरची खरड छाटणी सुरू झालीय. कुठल्या बागेचा माल कुठल्या पॅलेटमध्ये गेला हे शोधायला यंदा रात्री वह्या उलटत बसावं लागलं नाही. निर्यातीच्या धंद्यात नसलेल्यांना यात काय मोठंसं वाटणार नाही. पण युरोपला जाणारा माल ग्रेपनेटवर, म्हणजे अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ऑनलाइन यादीत, नोंदवलेल्या बागेचाच लागतो, आणि पेटीपासून थेट बागेपर्यंत माग दाखवता आला पाहिजे. एक नंबर चुकला तर आमच्या पोटात गोळा येतो.

ही नोंद वहीतून सॉफ्टवेअरवर आणायला तुमच्या आधी एक सल्लागार कंपनी येऊन गेली होती. हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यशाळा झाली, भिंतभर रंगीत चिठ्ठ्या लागल्या. मग त्यांनी अख्ख्या वर्षाचं वेळापत्रक आखलं आणि त्यातल्या दर पंधरवड्याला स्प्रिंट, म्हणजे कामाचा छोटा टप्पा, असं नाव दिलं. रोजची पंधरा मिनिटांची म्हणून जी बैठक असते ती तासभर चालायची, आणि तिथे फक्त झडती व्हायची: काल काय केलं, का नाही केलं. या सगळ्याला ते अजाइल म्हणायचे, म्हणजे सॉफ्टवेअरचं काम छोट्या टप्प्यांत, वापरणाऱ्यांशी बोलत करायची पद्धत. तिचा जाहीरनामा २००१ साली अमेरिकेत स्नोबर्डला १७ जणांनी लिहिला. त्याचं पहिलंच मूल्य असं, की प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा आपसातला संवाद मोलाचा. हे वाक्य त्यांच्या स्लाइडवर ठळक अक्षरात होतं. गेटवर काम करणाऱ्या एकाही माणसाशी मात्र ते बोलले नाहीत.

गेटसाठी त्यांनी जी स्क्रीन करून दिली तीत ड्रायव्हरच्या लायसन्सपासून सगळं भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. बाहेर ट्रॅक्टरची रांग उन्हात. तोडलेलं द्राक्ष काही तासांत प्री-कूलिंगला, म्हणजे थंड करायच्या खोलीत, गेलं नाही तर देठ सुकून तपकिरी पडतो, आणि भाव तिथेच पडतो. लोकांनी ती स्क्रीन बंद करून वह्या काढल्या. मग बिल घेऊन जाताना ही मंडळी म्हणाली, तुमच्या लोकांची मानसिकताच नाही. ते वाक्य मला आजही टोचतं. भर हंगामात पहाटेपासून उभे असतात हो हे लोक.

आणि मग तुम्ही आलात. ऑक्टोबरच्या छाटण्या चालू होत्या. पहिल्या नियोजनाच्या बैठकीला शेठ, अकाउंट्सचे साहेब, निर्यात विभाग, सॉफ्टवेअर करणारी नाशिकचीच दोन मुलं, असे आम्ही सगळे जमलो होतो. आवक नोंदवणाऱ्या मावशींना तुम्ही मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्या दाराशीच उभ्या राहिल्या. तुम्ही उठलात, स्वतःची खुर्ची त्यांना दिलीत, हातात मार्कर दिलात आणि विचारलंत, “मावशी, ट्रॅक्टर गेटवर आला की तुम्ही सगळ्यात आधी काय बघता?”

मावशी गप्प. शेठ उत्तर द्यायला लागले. तुम्ही हात जरासा वर करून त्यांना थांबवलंत, आणि स्वतःही थांबलात. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण आम्हा सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. तुमच्या चेहऱ्यावर घाई नव्हती. तुम्ही मावशींकडेच बघत होतात.

मग मावशी बोलल्या. “आधी बागेचा नंबर बघते. क्रेटवरची चिठ्ठी ओली झालेली असती, अक्षर फुटतं. ड्रायव्हरला ठाऊक नसतं. मग शेतकऱ्याला फोन लावते, तोवर मागं रांग.” आणि त्यांनी कामांच्या यादीच्या पहिल्या कार्डावर वळणदार अक्षरात लिहिलं: बागेचा नंबर.

आमचा प्रकल्प तिथून सुरू झाला. पहिल्या पंधरवड्यात बागेचा नंबर आणि वजन, एवढंच काम घ्यायचं ठरलं. बागेतूनच न भिजणारं स्टिकर लावून यायचं आणि गेटवर मोबाइलने वाचायचं. बाकीच्यांच्या मागण्या यादीत मागे गेल्या, काही अजून तिथेच आहेत. तुम्ही म्हणाला होतात, “तारीख वेल ठरवते. काम किती घ्यायचं, तेवढंच आपल्या हातात.” जानेवारीत माल सुरू झाला तेव्हा गेटचं काम तयार होतं.

मॅडम, पुस्तकातलं ज्ञान आधीच्या लोकांकडेही असेल. पण समोरच्याला बोलायला अवधी देणं, तो सुशिक्षित आहे की नाही हे न बघता, हे फार थोडे करतात. एसटीत म्हातारीचं गाठोडं वर ठेवून मगच घंटी मारणारा कंडक्टर असतो, फॉर्म चुकलेल्या आजोबांना न रागावता दुसरा फॉर्म देणारा कारकून असतो. त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत, आणि त्यांच्यामुळे आपले दिवस सुखाने जातात. तुम्ही मला त्यांतल्या वाटता.

मावशी आता दर आढाव्याला येतात. सॉफ्टवेअरच्या पोरांना तोंडावर सांगतात, हे बटण इथं नको, बोट चुकतं. पोरंही ऐकतात, तिथल्या तिथे बदलून दाखवतात. पुढच्या हंगामासाठी पहिलं कार्ड मावशींनी आत्ताच लावलंय: गेटवर वजन झालं की शेतकऱ्याला मोबाइलवर कळावं. शेठनी त्याला लगेच होकार दिला.

पोळ्यानंतर त्या कामाच्या नियोजनाला बसायचं ठरतंय. शेठ तुम्हाला फोन करतीलच, पण मावशींनी वेगळा निरोप दिलाय, की मॅडमना सांगा, या वेळी जेवायला माझ्या घरी यायचं.

आपला ऋणी,
आवक विभागाचा सुपरवायझर
दिंडोरी, जि. नाशिक