गार्ड काढण्याआधी फलाट बघा

संपादक महोदय,

शेवटच्या वाघिणीवर (मालडब्यावर) यंत्र बसवून गार्डाविना मालगाड्या चालवण्याचे प्रयोग रेल्वेने केले आहेत. दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावर तर २०२० मध्ये चालकाविना गाडी सुरू झाली. त्यामुळे आमच्या मिरज-पुणे मार्गावरच्या डब्यांतून ‘आता पॅसेंजरचाही गार्ड जाणार’ अशी चर्चा अधूनमधून रंगते. जाईल तेव्हा जाईल, पण मालगाडीत चढ-उतार करणारी माणसं नसतात, हे कुणी तरी बोललं पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात याच मार्गावरच्या एका छोट्या स्टेशनात सिग्नल पडला होता, इंजिनाचा हॉर्नही झाला. मागून दुसऱ्या डब्याशी एक आजी दांडी धरून अडकलेल्या. एक पाय पायरीवर, दुसरा फलाटावर आणि सुनेच्या हातातून पिशवी घ्यायची घाई. गार्डानं हिरवी झेंडी काखेतच ठेवली, आजी आत गेल्यावर दाखवली. फलाट वळणावरचा, मागच्या टोकाला ना पत्रा ना दिवा. इंजिनात बसलेल्याला यातलं काही दिसणं शक्यच नव्हतं.

ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकापासून काही मार्गांवर गार्डाविना प्रवासी गाड्या धावतात. पण त्यासाठी चालकाची केबिन जिथं थांबते तिथं फलाटावर आरसे आणि टीव्हीचे पडदे बसवले गेले. पुढे डब्यांना बाहेरून कॅमेरे लावून चित्र थेट केबिनमध्ये आणलं. दारं नीट लागल्याचा इशारा मिळाल्याशिवाय गाडी निघत नाही. तरीही ओढणी किंवा पिशवीचा पट्टा दारात अडकला, तर तो इतका पातळ असतो की यंत्र दार लागलंच असं समजू शकतं. म्हणून नजर लागतेच. दारं गार्डानं लावायची की चालकानं, यावरून २०१६ मध्ये तिथल्या सदर्न रेल्वेत मोठे संप झाले, ते उगाच नव्हे.

आपल्याकडे वंदे भारतची दारं आपोआप लागतात. त्याच फलाटावर येणाऱ्या पॅसेंजरची दारं मात्र सताड उघडी. नुसते कॅमेरे लावून काय होणार? गाडी हलल्यावर धावत येऊन दांडी पकडणारा चित्रात दिसेल, पण त्याला अडवणार कोण?

तेव्हा आधी आपोआप लागणारे दरवाजे द्या. फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर उंच करा, तेही पुढच्या चार डब्यांपुरते नव्हे. जनरलचा डबा बहुतेक वेळा टोकालाच येतो. दिवे शेवटपर्यंत हवेत. (फलाटावर जाहिरातींचे पडदे लागतात, मग चालकासाठी एक लावायला काय हरकत आहे?)

आणि कॅमेरे बसवलेच, तर त्यांची चाचणी रिकाम्या फलाटावर दुपारी बारा वाजता उरकू नये. आषाढीच्या आठवड्यात मिरज जंक्शनवर, पंढरपूरच्या गाडीला, भर पावसात घ्यावी.

– एक नियमित प्रवासी, विश्रामबाग, सांगली