तिकिटं काढली आहेत

ती. बाबा आणि सौ. आई,
शि. सा. न.

फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून लिहितेय. यंदाही गणपतीला माझं येणं जमणार नाही. ऑगस्टपासून नवी नोकरी, लगेच रजा देत नाहीत. मी दोनदा विचारून पाहिलं हो, टाळत नाहीये. म्हणून मग तुमचीच जूनची इकडची, इंग्लंडची तिकिटं काढली.

रविवारी मुद्दाम डरहॅमला जाऊन आले, बाबांचे गुडघे डोळ्यांपुढे ठेवून. न्यूकॅसलहून आगगाडीनं जेमतेम पंधरा मिनिटं. वेअर नदी टेकडीला जवळजवळ पूर्ण वेढा घालते आणि वर ते कॅथीड्रल, म्हणजे मोठं चर्च, 1093 साली बांधायला घेतलेलं. रस्ता चढाचा, दगडगोट्यांचा आहे, पण आपण टॅक्सीनं थेट वर जाऊ. मनोऱ्याच्या 325 पायऱ्या बाबांनी चढायच्या नाहीत, हे आत्ताच ठरलं.

खालीच केवढं आहे! उत्तरेच्या दारावर तोंडात कडी धरलेला ब्राँझचा अक्राळविक्राळ चेहरा आहे. पूर्वी गुन्हा करून पळालेला माणूस ही कडी वाजवायचा आणि त्याला 37 दिवस आत आसरा मिळायचा. मूळ चेहरा आता आत जपून ठेवलाय, दारावर त्याची प्रतिकृती. तरी कडी हातात घेतली आणि मेणवलीचा घाट आठवला. बाबा, तुम्ही मला खांद्यावर घेतलं होतंत आणि तरीही माझा हात घंटेपर्यंत पोचेना. मी रडले, तर तुम्ही टाचा उंच केल्यात.

आई, आत फरशीत काळ्या दगडाची एक रेघ आहे. इथे साधूंचा मठ होता, त्या काळात बायकांना तिच्यापुढे जायची बंदी होती. मी ओलांडली, पण तू बरोबर हवी होतीस. जूनमध्ये आपण दोघी हात धरून ओलांडू.

घरी तांदूळ, मेतकूट, हिंग सगळं आहे. पहाटे साडेपाचचा चहा मी करीन. रात्री साडेनऊलाही उजेड असतो, म्हणून तुमच्या खोलीला जाड पडदे लावलेत. न्हाणीत धरायला दांडा बसवलाय.

विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे. बाबा, तुम्हाला चालवत नाही म्हणून नव्हे, अंतर फार असतं म्हणून. तेव्हा बसायचं. बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आई, लोणच्याची एकच बरणी. व्हिसाच्या बोटांच्या ठशांसाठी पुण्याला जायचंय, दादा गाडी घेऊन येईल. एसटीनं निघू नका.

नदीकाठच्या बाकावर बसून पाहिलं. पाठ टेकायला नीट आहे, तिघं मावतो.

तुमची,
मनू