दुधाची डायरी

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

जर्मन भाषेच्या बी-वन या पातळीच्या परीक्षेचा निकाल लागला. वाचन, ऐकणं, बोलणं हे तीन विभाग निघाले. लेखनात ५२ मिळाले; प्रत्येक विभागात १०० पैकी ६० लागतात. निघालेले तीन पुन्हा द्यायचे नाहीत, फक्त लेखनाला बसायचं आहे. आई, फोनवर मी 'राहिलं गं' एवढंच म्हणाले, त्यावरून जागू नकोस.

२०२४ मध्ये आपल्या सरकारचा जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी नर्ससारखी कुशल माणसं तिकडे पाठवायचा करार झाला, तेव्हा बाबा, तुम्ही पेपरातलं कात्रण पाकिटात जपून ठेवलंत. मी लगेच ठरवून टाकलं, वर्षात बी-वनच्या पुढची बी-टू पातळी करायची आणि निघायचं. एका क्लासवाल्यांनी 'आठ महिन्यांत होईल' म्हटलं, मी पैसे भरले. हे आठ महिने नाइट करणाऱ्या सिस्टरचे की दिवसभर घरी बसून शिकणाऱ्याचे, हे विचारलंच नाही. रोज ३ तास ठरवले आणि ते ४ दिवस टिकले. मग वॉर्डात दोघी रजेवर गेल्या, डबल ड्युटी लागली. आज बुडालं की उद्या ६ तास करू म्हणायचं, आणि उद्या वही उघडायचीच भीती वाटायची. पाच महिने असे गेले. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, आज सांगते.

गणपतीला आले तेव्हा गोठ्यातल्या खुंटीवरची तुमची डायरी चाळत बसले होते. तारीख, सकाळ, संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला घनभाग. दर दहा दिवसांनी खाली रेघ आणि बेरीज. बाबा, पुढच्या महिन्यात गाय किती दूध देणार, हे तुम्ही त्यात एकदाही लिहिलेलं नाही. गाय आजारी होती त्या आठवड्यात ३ लिटर निघालं, तेही घातलंत आणि तेही लिहिलंत. फॅट ३.५ च्या खाली आलं त्या दिवशी समोर बारीक अक्षरात 'कडबा वाढवणे'. ते दोन शब्द मी किती तरी वेळ बघत होते.

तशीच वही मी केली. दिवसपाळी असेल तर १० शब्द. नाइट असेल तर फक्त बसमध्ये ऐकायचं. ऑफच्या दिवशी एक पत्र जर्मनमध्ये. दहाव्या दिवशी बेरीज. बुडालेलं पुढे ओढायचं नाही. सकाळी न निघालेलं दूध तुम्ही संध्याकाळच्या रकान्यात कुठे मांडता? पहिल्या दहा दिवसांत ६१ शब्द झाले. वर्षभरात पहिल्यांदा खरा आकडा हातात आला.

आपल्यासारखीच जर्मनमध्येही तीन लिंगं आहेत, याचा मला आधार वाटला. पण ती जुळतीलच असं नाही. रक्तदाब आपल्याकडे 'तो', तिकडेही 'डेर ब्लुटड्रुक'. ताप मात्र आपल्याकडे 'तो' आणि तिकडे नपुंसकलिंगी, 'डास फीबर'. इंजेक्शन आपलं 'ते', त्यांची 'डी श्प्रित्सं' स्त्रीलिंगी. औषधाची ट्रॉली ढकलताना मी हेच पुटपुटत असते.

लेखनात का राहिले ते वहीतच दिसलं. ऑफ रद्द झाले, तशी पत्रंही राहिली. आता पत्र ऑफवर ठेवलेलं नाही. दहा दिवसांत ८-८ ओळींची तीन, कधीही. डिसेंबरात लेखन पुन्हा देईन. बी-टू त्यानंतर, त्याचा महिना आत्ता ठरवत नाही. भावकीत कुणी विचारलं तर बाबा, 'पोरगी जर्मनीला चालली' असं सांगू नका. डिसेंबरात परीक्षा आहे एवढंच सांगा. माझी तेवढी विनंती आहे.

आणि आईच्या पाटल्या. फीसाठी गहाण पडल्या ते माझ्या मनातून जात नाही. दरमहा ४,००० वेगळे काढतेय, मार्चपर्यंत सोडवते. त्या तुझ्या हातात घातल्याशिवाय मी कुठल्याही व्हिसाचा अर्ज भरणार नाही.

आई, डॉक्टरांनी चालायला सांगितलं तर तू पहिल्याच दिवशी कॅनॉलपर्यंत गेलीस, गुडघा सुजला आणि सगळंच सोडलंस. मारुतीच्या पारापर्यंत जा आणि परत ये, तेवढंच. डायरीची मागची पानं कोरी आहेत. ज्या दिवशी जाशील त्या दिवशी बाबांना तिथे एक रेघ मारायला सांग. दिवाळीला दोन दिवस सुट्टी मिळाली आहे, आल्यावर मी बघेन.

तुमची,
लेक