म्हशीवरून भांडून गेलेल्या लेकीस

चि. सौ. वर्षास,
आबांचे अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. त्र्यंबोलीच्या जत्रेला म्हणून कोल्हापूरला आलीस आणि टेकडीवर देवीला नदीचं नवं पाणी चढायच्या आधीच शंभूला काखेला मारून स्टँड गाठलास. गल्लीत पी ढबाक वाजत होतं आणि घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तुझी आई अजून माझ्याशी वाढण्यापुरतंच बोलते. आक्कानंही फोनवर झाडलं, "पोटुशी लेकीला असं बोलतात व्हय?"

काय बोललो मी? गाभण म्हैस आपण व्यायच्या दोन महिने आधी आटवतो आणि तू अजून शंभूला अंगावर पाजतेस, एवढंच. तू म्हणालीस, "आबा, मी तुमच्या गोठ्यातली नाही." बरोबर आहे तुझं. पण माझ्याकडं दुसरं शहाणपण कुठलं असणार? सारा जन्म गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेला. म्हैस दहा महिने पोट वागवते. शेवटचे दोन महिने धार बंद ठेवली नाही तर कासेला विसावा मिळत नाही, चीक पातळ पडतो, पुढच्या वेताला दूध घटतं. रेडकूही त्याच दोन महिन्यांत पोटात झपाट्यानं वाढतं. हे मला कुणी शिकवलं नाही, शेपटामागं उभं राहून कळलं. शंभू खेळता खेळता धावत आला आणि तुझ्या पदरात शिरला, तेव्हा हेच डोक्यात आलं नि तोंडातून निघालं. चारचौघांत निघालं, ते वाईट झालं.

तू गेल्यावर मी एक काम केलं. आपला रतीब जातो त्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. बापानं असलं विचारायचं म्हणजे काय, तुला कल्पना येईल. नजर मापावर ठेवून बोललो. बाई हसल्या नाहीत. आत बोलावून बसवलं आणि नीट समजावून सांगितलं. तुला यातलं सगळं माहीत असणार. तरी लिहितो, कारण मला कळलंय हे तुला कळायला पाहिजे.

त्या म्हणाल्या, बाईमाणसाला आटवावं लागत नाही. पोटात वार वाढायला लागली की तिच्याच रसांनी दूध आपोआप कमी होतं, बहुतेकींचं चौथ्या-पाचव्या महिन्यात. मग उरतं त्याचा हळूहळू चीक व्हायला लागतो, चवही खारट होते. कितीतरी पोरं त्या चवीनंच तोंड फिरवतात, काही पीत राहतात. मी विचारलं, थोरल्यानं चीक पिऊन टाकला तर धाकट्याला काय? बाई म्हणाल्या, चीक काही किटलीत भरून ठेवलेला नसतो, संपत नाही. बाळंत झाल्यावर आधी तान्ह्याला घ्यायचं, त्याचं झाल्यावर मोठ्याला. आणि शंभूच्या वयाबद्दल मी जे बोललो, त्याचंही उत्तर मिळालं. जागतिक आरोग्य संघटनाच दोन वर्षं आणि त्यापुढंही पाजा म्हणते. शंभूला आत्ता कुठं दोन झाली.

एवढ्यावर उठायला हवं होतं. पण माझ्या मनात दुसरंच होतं, ते मी तुझ्यापुढं बोललोच नव्हतो. पान्ह्याचं इंजेक्शन तुला ठाऊक आहे. धंद्यात काही जण म्हशीला टोचतात, पान्हा पटकन सुटावा म्हणून. आपल्या गोठ्यात ती सुई कधी आली नाही. आपली पंढरपुरी म्हैस कुणाच्याही हाताखाली, कुठल्याही दारात पान्हा सोडते, तिला सुई कशाला? पण ते औषध काय आहे ते मला माहीत आहे, ऑक्सिटोसिन. दवाखान्यात बाईला कळा याव्यात म्हणून सलाईनमधून देतात तेही तेच. आणि पोर छातीला लागलं की आईच्या अंगात तेच आपसूक सुटतं. मग सांग, चार महिन्यांच्या पोटावर दिवसातून पाच-सहा वेळा ते सुटत असेल तर बापानं काय समजायचं? रात्री झोप लागेना.

बाई म्हणाल्या, गर्भपिशवी शेवटच्या आठवड्यांपर्यंत त्याला फारशी दाद देत नाही. पोट थोडं आवळल्यासारखं होतं नि जातं. सरळ चाललेल्या गरोदरपणात पाजायला हरकत नसते. मात्र आधीचं बाळ दिवसांआधी झालेलं असेल, जुळी असतील, पिशवीच्या तोंडाला टाका असेल, अंगावरून लाल जात असेल किंवा कळा थांबून थांबून येत असतील, तर पाजणं थांबवायचं आणि तडक डॉक्टरकडं. शंभू पुऱ्या दिवसांचा. तुझ्या सोनोग्राफीत एकच आहे, हे तुझ्या आईकडून कळलं. म्हणजे तिकडून मी निर्धास्त झालो.

राहिलं रक्त.

तू टीव्हीवर रिपोर्ट ठेवून गेलीस, मी वाचला. रागावू नकोस, चष्मा हातात होता. हिमोग्लोबिन 9.2. गरोदरपणात 11 च्या खाली गेलं की पांडुरोग धरतात. पोटातलं एक, अंगावरचं एक, आणि तू सकाळी चहा-बिस्कीट खाऊन लॅबला पळतेस. दोन जीव एका अंगातून काढतायत, तर त्या अंगात काही जायला नको? बाईंनाही शंभूच्या पिण्यापेक्षा या आकड्याचीच काळजी वाटली.

तुझ्या आईचं तुला आठवायचं कारण नाही. संतोष पोटात होता तेव्हा तूही अशीच पीत होतीस. आज्जीनं कडुलिंबाचा पाला वाटून लावला. तू एकदा तोंड लावलंस, वेडंवाकडं केलंस आणि कुणाकडं न बघता गोठ्यात चंद्रीजवळ जाऊन बसलीस. चंद्री लाथ मारणारी म्हैस, पण त्या दिवशी ती हलली नाही. मी उचलायला आलो तर तू माझ्या हातालाही चावलीस. तुझी आई आत, तू गोठ्यात, दोघी रडून दमलेल्या. आज्जी म्हणत होती, पोटुशीचं दूध पोराला बाधतं. गल्लीतल्या वैद्यानंही त्याचं शास्त्रातलं नाव सांगितलं, पारिगर्भिक. पोर वाळतं, पोट सुटतं, भूक जाते म्हणे. तू काही वाळली नाहीस. चांगली गुटगुटीत होतीस, फोटो आहे.

वाळली तुझी आई. संतोषच्या वेळी बाळंतपणात इतकं गेलं की रक्ताच्या बाटल्या आणायला मी सायकलवरून गावभर फिरलो. तालमीतली पोरं रांगेनं रक्त द्यायला आली, आपलंच दूध पिऊन मोठी झालेली. आणि दारात बसलेल्या बायका म्हणत होत्या, थोरली अंगावर पीत राहिली, तिनंच आईचं रक्त शोषलं. तू दोन वर्षांची होतीस. परवा डॉक्टरीणबाईंना हेही सांगितलं, तर त्या म्हणाल्या, पोरीनं काही शोषलं नाही. आधीच्या बाळंतपणात गेलेलं भरून निघालं नव्हतं, गोळ्या नव्हत्या आणि खाणं नव्हतं. खरंच आहे. आपल्या घरात तेव्हा बाया शेवटी जेवायच्या, भाकरी उरेल ती, कालवण असेल ते.

म्हणून विचारतो, गोळी घेतेस ना? साधारण रोज एक असते, 60 मिलिग्रॅम लोहाची, चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत. 9.2 ला बहुधा दोन देतात, तुझ्या डॉक्टरांनी काय लिहिलंय ते बघ. कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नकोस, चहाबरोबर तर मुळीच नको, दोन तास तरी अंतर ठेव. लिंबू पिळून घेतलेलं बरं. आणि मी गवळी असून सांगतो, दुधाबरोबरही घेऊ नकोस. दुधात लोह जवळजवळ नसतं आणि गोळीतलंही ते अंगी लागू देत नाही. शंभूलाही नुसत्या दुधावर ठेवू नकोस, तुझ्या काय नि म्हशीच्या काय. डाळ, पालेभाजी, अंडं जाऊ दे त्याच्या पोटात. मटण आणलं तर रस्सा पिऊन उठायची तुझी खोड मला माहीत आहे. रश्शानं रक्त होत नाही, फोडी खा. नाचणीची भाकरी, शेंगदाणे, गूळ. आणि अमोलरावांच्या आधी जेव. ते काही म्हणणार नाहीत.

बघ, परत सुरू झालो. शिवाजी विद्यापीठाची एम.एस्सी. झालेली लेक पुण्यात लोकांच्या दुधाची तपासणी करते आणि हा म्हातारा तिला दुधात काय असतं ते सांगतोय. हसशील. कट्ट्यावर अजून नवीन गिऱ्हाईक आलं की मी कुठून तरी विषय तुझ्यापर्यंत आणतोच. संतोष म्हणतो, आबा, बास करा आता. आता पोथी वाचत नाही. शंभूला किती दिवस पाजायचं ते तुझं तू बघ. दुखायला लागलं, कंटाळा आला, झोप पुरेना, तर थांबव. कुणाला जाब द्यायचा नाही, आम्हालाही नाही. नाही थांबवायचं, तरी नाही. फक्त कडुलिंब लावू नकोस. सवय तोडायचीच झाली तर एक-एक वेळ कमी करत जा, म्हणजे तुलाही गाठी धरायच्या नाहीत आणि त्यालाही धक्का बसणार नाही. पिण्याच्या वेळेला अमोलरावांनी त्याला बाहेर न्यावं.

दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून नदीला न्यायच्या वेळी तुला सातवा-आठवा लागला असेल, गर्दीत येऊ नकोस. शंभूला अमोलरावांबरोबर पाठव, शिंगं रंगवायला त्याला मी उचलून धरीन. बाळंतपणाला इकडं यायचं की तिकडंच, हेही तुम्ही दोघांनी ठरवा. तुझ्या आईनं गोधड्या शिवायला काढल्यात, ते तुला सांगायचं नाही असं ठरलंय.

संतोष शनिवारी पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर गूळ, भुईमुगाच्या शेंगा आणि आईची कांदा-लसूण चटणी पाठवतोय. चटणी जपून खा, जळजळ होईल. शंभूला गोड पापा.

तुझा,
आबा

ता. क. महिन्यानं परत रक्त तपासतील तेव्हा आकडा तेवढा आईला सांग. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.