शेठला मी सांगतो

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन आला तेव्हा बर्फाच्या फॅक्टरीत गाडी भरायला लागली होती, नीट बोलता आलं नाही. शेठ म्हणतात, जूनपासूनच इथे कामाला ये, परीक्षेपुरती सुट्टी घे. पगार रोख. आईला पटलंय, पोरगा घरी राहील म्हणून. मला पटत नाही.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे आमचं मशीन उघडून दुरुस्त करायचे दिवस. ऑगस्टला बोटी सुटायच्या आत ते लावून द्यायला त्यांना स्वस्तात हात हवाय. पुढे तुला माझ्यासारख्याच बर्फाच्या लाद्या ओढायला लावतील. माणूस वाईट नाही हो, पण धंदा आहे.

दोन वर्षं तू आयटीआयत तांब्याचा पाइप कापायला, त्याचं तोंड फुलवून फ्लेअर करायला, तापवून जोडायला म्हणजे ब्रेझिंग करायला शिकलास. इथे मशीनमध्ये थंडाव्यासाठी अमोनिया वायू आहे, आणि अमोनिया तांबं खातो. म्हणून आमची लाइन सगळी लोखंडाची. कंडेन्सरवर, म्हणजे गरम वायू निववतात त्या भागावर, क्षार साचले की प्रेशर का चढतं, मिठाच्या पाण्याच्या टाकीत बर्फाचे डबे कधी लवकर गोठतात, कधी रखडतात, हे इथे शिकवणार कोण? आमचा ऑपरेटर मशीन कानाने चालवतो. आवाज बदलला की त्याला पहिल्यांदा कळतं, का बदलला ते मात्र सांगता येत नाही. वायू गळला तर ओलं फडकं नाकाला लावून वारा येतो त्या बाजूला पळायचं, एवढंच आम्हा सगळ्यांचं शिक्षण.

म्हणून आधी अप्रेंटिसशिप कर, म्हणजे कारखान्यात शिकाऊ म्हणून काम. रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत मासळी प्रक्रियेचे कारखाने आहेत, अमोनियाचा प्लांट कुठे आहे ते तुमच्या सरांना विचार. नुसते घरगुती एसी दुरुस्त करायच्या जागी जाऊ नकोस, ते तुला येतंच. विद्यावेतन शेठच्या पगाराहून कमी असेल, असू दे. शेवटी परीक्षा देऊन जे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं, त्याला रेल्वेच्या भरतीतही किंमत आहे. नंतर इथेच यायचं असेल तर ये, पण ऑपरेटर म्हणून.

वाडीतले विचारतात, डिप्लोमाला नंबर लागला नाही का. मी उत्तर देत नाही.

अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नाव नोंदव, बँकेचं खातं आधारला जोडलेलं आहे का ते बघ. तोवर हजेरी कमी पडू देऊ नकोस, नाहीतर परीक्षेलाच बसू देणार नाहीत. आईने कोकम आणि सुका जवळा बांधून ठेवलाय, शनिवारच्या एसटीने कुणी येणारं असेल तर कळव.

तुझा,
बाबा